दवाखान्यात नवीन लागलात? पेशंटची गोष्ट बाहेर जाऊ नये म्हणून काय काय करायचं

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी खासगी दवाखान्यात काउंटरवर बसते, बारा वर्षं झाली. केसपेपर काढणं, नंबर लावणं, पॅथॉलॉजीचे रिपोर्ट लावून ठेवणं, फोन घेणं, डॉक्टर साहेबांना उशीर झाला की लोकांचं बोलणं खाणं, सगळं माझ्याकडे. दर वर्षी दिवाळीनंतर एखादी नवीन पोरगी नाहीतर पोरगा कामाला लागते अन् दर वेळेस मला तेच तेच सांगावं लागते, म्हणून यावेळेस लिहूनच काढलं. पीएचसीत (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात), लॅबमध्ये, मेडिकलवर लागलेल्यांनाही हे चालेल, थोडाफार फरक धरून.

पहिलेच सांगून ठेवते, आपल्याकडे माहिती चोरायला कोणी हॅकर येत नाही. आपल्याकडे ती जाते आपुलकीतून. "काय झालं हो तिला, चांगली तं होती" असं कोणीतरी काळजीनं विचारते, आपणही काळजीनंच सांगतो, अन् संध्याकाळच्या एसटीनं ती गोष्ट पेशंटच्या आधी गावात पोचते. वाईट मनाचा माणूस यात कोणीच नसते, म्हणून तं कठीण आहे.

पायरी १: गुप्त काय ते आधी ओळखा

नवीन माणसाला वाटते की रोगाचं नाव तेवढं सांगायचं नाही, बाकी सगळं मोकळं. तसं नाही. नाव, गाव, वय, मोबाइल नंबर, आधारची झेरॉक्स, बिल किती झालं, उधारी किती आहे, सोबत कोण आलं होतं, कोणती तपासणी लिहून दिली, कोणती गोळी चालू आहे, हे सगळं त्यात येते. अन् सगळ्यात जास्त विसरलं जाते ते म्हणजे माणूस दवाखान्यात आला होता, ही गोष्टच. आमच्याकडे महिन्यातून दोन गुरुवारी बाहेरगावचे मानसोपचाराचे डॉक्टर येतात. त्या दुपारी बाकावर कोण बसलं होतं एवढं जरी बाहेर सांगितलं तरी वेगळं काही सांगायची गरज राहत नाही. म्हणून "हो, काल आले होते ना ते" हे वाक्य कितीही साधं वाटलं तरी बोलायचं नाही.

दुसरी गोष्ट, "मी नाव थोडीच घेतलं" हे आपल्या भागात चालत नाही. शहरात चालत असेल. आठशे वस्तीचं गाव, त्यात तीन महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली, नवरा पुण्याला कंपनीत, सासू आंगणवाडीत. अशा किती असतील? एकच. मी नवीन पोरींना एक परीक्षा सांगते: तुम्ही जे बोलणार आहात ते पेशंटच्या शेजारणीनं ऐकलं तर ती ओळखेल का? ओळखेल असं वाटलं तर ते नाव घेतल्यासारखंच आहे.

काही माहिती बाकीच्यापेक्षा जड असते. एचआयव्ही, टीबी, सिकलसेल (आईबापाकडून लेकराला येणारा रक्ताचा आजार), गर्भपात, मूल न होणं, मानसिक आजार, विष घेतलेलं, दारू सोडायचा उपचार, अत्याचाराची केस. यातलं एक जरी बाहेर गेलं तर कोणाचं लग्न मोडते, कोणाला सून म्हणून घराबाहेर काढतात, कोणाच्या हातचं पाणी लोकं पीत नाहीत. यातल्या काहींना तर वेगळे कायदेच आहेत, ते पुढे येईलच.

पायरी २: काउंटरवरचा आवाज

आमचा दवाखाना म्हणजे समोर पत्र्याचं शेड, तीन बाक, एक काउंटर अन् आत डॉक्टरांची खोली, तिला दाराच्या जागी पडदा. आवाज सगळीकडे जाते. केसपेपरसाठी फक्त नाव, वय, गाव, मोबाइल विचारा. "काय होऊन राहिलं?" हे काउंटरवर विचारायचं नाही, ते डॉक्टर आत विचारतील. फार तं एवढंच, "थांबणं जमते की लवकर पाहावं लागेल?" हां, साप चावलेला, फिट आलेली, दम लागलेला, छातीला हात लावून आलेला, फवारणीचा वास येणारा माणूस, इथं काही विचारत बसू नका, सरळ आत घ्या. जीव आधी.

बायांसाठी मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला आहे. बोलायला लाजत असली की चिठ्ठी अन् पेन सरकवते, लिहून द्या म्हणते, ती चिठ्ठी केसपेपरला टाचते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना मागच्या स्टोअरच्या खोलीत नेते, सलाईनच्या खोक्यांमध्ये उभं राहून दोन मिनिटं बोलतो आम्ही. यापेक्षा मोठी सोय आमच्याकडे नाही पण तेवढ्यानं भागते.

पुकारायचं नंबरानं. म्हाताऱ्यांना नंबर लक्षात राहत नाही, तर जवळ जाऊन खांद्याला हात लावून सांगा. दोन वर्षांपूर्वी एक पोट्टा लागला होता आमच्याकडे, मनाचा लय चांगला, आवाज मोठा. गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन दारात उभा राहिला अन् विचारलं, "टीबीवाले भाऊ कोण?" बाकावर सात-आठ जण. कोणी उठेना. मग शेवटच्या बाकावरचा, तोंडाला दुपट्टा बांधलेला एक जण उठला, पाकीट घेतलं अन् मान खाली घालून निघून गेला. त्याच्या बाजूला बसलेली बाई तिचं लेकरू घेऊन दुसऱ्या बाकावर आधीच सरकली होती. पुढच्या महिन्यात तो आलाच नाही, डॉक्टर साहेबांनी दोन-तीनदा फोन केले तेव्हा कुठं रात्री आठ वाजता, दवाखाना बंद व्हायच्या वेळेस आला. टीबीचा कोर्स निदान सहा महिन्यांचा, मधेच सुटला तर मग औषधाला दाद न देणारा टीबी होऊ शकते. म्हणजे पोट्ट्याच्या एका हाकेनं त्या माणसाचा कोर्सच सुटता सुटता राहिला. अन् गंमत अशी की औषध नीट चालू झालं की काही आठवड्यांत सहसा तो माणूस दुसऱ्याला लावतही नाही.

अजून एक, आपल्या भागात कोलाम पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, लोकं येतात, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीकडे गोंडी-माडिया बोलणारे. बुढ्या माणसाला मराठी जमत नाही, सोबत पोडावरचाच कोणीतरी भाषा सांगायला असते अन् तो सगळं ऐकते. त्याला हाकलून देणंही जमत नाही. निदान पेशंटला इशाऱ्यानं का होईना विचारून घ्या की हा आत चालेल का, घरातलं कोणी आहे का. एकदा एका आजीनं मान हलवून नाही म्हटलं अन् सातवीतल्या नातीला पुढं केलं. आता लेकराकडून आजीचं बाईपणाचं दुखणं विचारायचं म्हणजे तेही कसंसंच. शेवटी आशाताईला बोलावलं, तिला कोलामी येत होती.

पायरी ३: कागद

रजिस्टर उघडं पडलेलं नको. नंबर लिहायला आलेला माणूस वरच्या पाच ओळी वाचूनच जाते, मी पाहिलं आहे. मी एक जाड पुठ्ठा कापून ठेवला, लिहायची ओळ सोडून वरचं सगळं झाकते. फायली टेबलावर उलट्या ठेवा, नाव खाली. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट घडी करून पिन मारून, बाहेर फक्त फाइल नंबर.

रिपोर्ट न्यायला दुसरंच कोणी येते. "मी त्याच्याच गावचा आहे, देऊन देतो ना, त्याचा फेरा वाचेल." बिचारा खरंच मदत करून राहिला असते. तरी द्यायचा नाही. केसपेपरवर जो नंबर आहे त्याच्यावर फोन लावा, पेशंटशी स्वतः बोला, तो हो म्हणाला तर बंद पाकिटात द्या अन् कोणाच्या हाती दिला ते लिहून ठेवा. फोन लागला नाही तर नाही, माणूस रुसला तरी चालेल.

आता माझी स्वतःची चूक सांगते. आमच्याकडे एका बाजूनं कोरे असलेले कागद फेकत नसत, काटकसर म्हणून. मी त्याचा गठ्ठा आमच्याच मेडिकलवर दिला, हिशेबाला होतील म्हणून. त्यानं गोळ्या कशा घ्यायच्या ते त्याच कागदांवर लिहून द्यायला सुरुवात केली. चार दिवसांनी एक काकाजी परत आले, कागद उलटा करून माझ्यापुढं धरला अन् म्हणाले, "पोरी, हे मागचं कोणाचं आहे?" मागं एका माणसाच्या वीर्य तपासणीचा रिपोर्ट, नाव-गावासकट. काकाजी हसत होते, कारण ते त्या माणसाला ओळखत होते. मला तिथंच घाम फुटला. त्या दिवसापासून पेशंटचं एक अक्षर जरी असलं तरी तो कागद कोरा समजत नाही आम्ही. रद्दीत जाण्याआधी फाडायचा, बारीक, दोन तुकडे नाही. एक्स-रेच्या जुन्या फिल्म घ्यायला भंगारवाले येतात, त्यातून चांदी निघते म्हणून, पण फिल्मच्या कोपऱ्यात नाव छापलेलं असते ते आधी कापून काढा.

अन् फाडायचं म्हणजे मनानं फाडायचं नाही. भरती झालेल्या पेशंटचे कागद निदान तीन वर्षं ठेवायचे असा नियम डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे, पोलीस केसचे कागद तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातच लावायचा नाही.

गर्भपाताच्या केंद्रात लागले असाल तर तिथला कागद वेगळाच असते. बाईचं नाव फक्त ॲडमिशन रजिस्टरमध्ये, ते रजिस्टर कुलपात. केसशीट, ऑपरेशनचं रजिस्टर, बाकी सगळीकडे फक्त अनुक्रमांक लिहायचा, नाव नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तर कायद्यानं अधिकार दिलेला माणूस सोडून दुसऱ्या कोणाला तिचं नाव किंवा माहिती सांगितली तर डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नवीन पोरी सवयीनं प्रत्येक कागदावर नाव लिहितात, तिथं पेन थांबवा.

पायरी ४: मोबाइल (इथंच सगळ्यात जास्त घोळ)

आमच्या दवाखान्याच्या फोनमध्ये गजानन नावाचे अकरा नंबर होते. शेगाव आपल्याच मुलखात, गजाननाला तोटा नाही. मी एका गजाननभाऊंचा शुगरचा अन् किडनीचा रिपोर्ट दुसऱ्या गजाननला व्हॉट्सॅपवर पाठवून मोकळी झाली. दोघंही एकाच गावचे, अन् दोघांचं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पंचवीस वर्षांचं भांडण, तहसीलपर्यंत गेलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, आवाजात आनंद लपत नव्हता: "काय जी ताई, किडनी गेली म्हणते त्याची?" मी काय बोलली ते मला आठवतही नाही. ज्यांचा रिपोर्ट होता त्यांना डॉक्टर साहेबांनी स्वतः फोन करून सांगितलं, माफी मागितली. ते आजही आमच्याकडे येतात, पण रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय जात नाहीत, व्हॉट्सॅपवर पाठवते म्हटलं की हसून हात जोडतात.

तेव्हापासून असं करते. नंबर सेव्ह करताना नाव, बापाचं नाव, गाव, फाइल नंबर, एवढं सगळं. पाठवण्याआधी फोन लावून शेवटचे चार आकडे विचारते. पाठवल्यावर मिळाला का विचारते अन् मग आपल्या फोनमधून उडवते. गॅलरीत फोटो आपोआप सेव्ह होणं बंद केलं आहे. अन् हे सगळं दवाखान्याच्या फोनवर, स्वतःच्या नाही, कारण स्वतःच्या फोनवर घरी पोरं गेम खेळतात, फोटो आपोआप गुगलवर चढतात, नणंद "दाखव ना वहिनी फोटो" म्हणून हातातून घेते अन् हळदीकुंकवाच्या फोटोनंतर कोणाचा तरी सोनोग्राफीचा रिपोर्ट.

फोन करतानाही भान ठेवा. गावात कित्येक घरी एकच फोन असते अन् तो पोराकडे नाहीतर नवऱ्याकडे. म्हणून केसपेपर काढतानाच विचारून ठेवते, "या नंबरवर कोण उचलते?" अन् कोपऱ्यात लिहून ठेवते: फक्त बोलावून घ्या, काही सांगू नका. दुसऱ्या कोणी उचलला तर "ताईंशी बोलायचं होतं, त्या आल्या की या नंबरवर लावायला सांगा" एवढंच. दवाखान्यातून बोलते हेही नाही. रिपोर्ट चांगला असला तरी नाही, कारण कोणती तपासणी केली हेच कळून जाते.

स्टेटसवर दवाखान्यातलं काहीही टाकायचं नाही. नवीन जन्मलेलं बाळ, प्लास्टर घातलेला पोरगा, साप चावलेला माणूस बाजूला बरणीतल्या सापासकट (हा फोटो तर आपल्याकडे दर पावसाळ्यात फिरतेच), काहीच नाही. सेल्फी काढताना मागं बाकावर कोण बसलं आहे तेही पाहा. डॉक्टर लोकं एकमेकांना विचारायला एक्स-रे पाठवतात, तेव्हा पाठवायचं काम तुमच्याकडे आलं तर नावाचा कोपरा आधी कापा. बोटानं झाकून फोटो काढू नका, अर्धं नाव दिसतेच.

पायरी ५: कम्प्युटर

यात फार काही नाही. पासवर्डची चिठ्ठी स्क्रीनला चिकटवू नका. चहाला उठलात तर विंडोजचं बटण अन् एल दाबून स्क्रीन लॉक करा. स्क्रीन भिंतीकडे वळवा, बाकाकडे नाही. दुसऱ्याच्या लॉगिनवर काम करू नका. आभा कार्ड (सरकारचं डिजिटल आरोग्य ओळखपत्र) काढताना किंवा सरकारी आरोग्य योजनेची केस टाकताना पेशंटच्या मोबाइलवर ओटीपी येते, तो कशासाठी ते सांगूनच घ्या, लिहून ठेवू नका. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, कम्प्युटर-मोबाइलवरच्या माहितीसाठी आहे तो. कागदाला लागत नाही म्हणून कागद मोकळा असं मात्र समजू नका, पेशंटचं गुपित सांगायचं नाही हा डॉक्टरांचा नियम त्याच्या किती तरी आधीचा आहे अन् आपण डॉक्टरांच्याच हाताखाली काम करतो.

पायरी ६: विचारणाऱ्यांना उत्तर काय द्यायचं

हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण विचारणारे परके नसतातच. आतेभाऊ, वर्गातली मैत्रीण, शाळेतले गुरुजी, सरपंच, पोलीस पाटील. त्यांना नाही म्हणायचं अन् नातंही ठेवायचं.

लग्नाच्या दिवसांत मामाजी लोकं येतात. एक जण असेच आले, चहा मागवला, पाऊसपाणी विचारलं, मग आवाज खाली करून, "एक पोरगी पाहून राहिलो भाच्यासाठी. तुमच्याच इथं दाखवते म्हणे ते लोकं. सिकलसेल-गिकलसेल तं नाही ना?" आता मामाजी चूक नव्हते. विदर्भात हा आजार आहेच, अन् दोघंही एएस म्हणजे वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात एसएस म्हणजे आजार असलेलं लेकरू होण्याची शक्यता २५ टक्के. लग्नाआधी पाहायलाच पाहिजे. पण पाहायचं ते दोघांनी, स्वतःची तपासणी करून, अन् कागद एकमेकांना दाखवून, काउंटरवरच्या बाईला चहा पाजून नाही. मी त्यांना तेच सांगितलं, "मामाजी, दोन्ही लेकरांची तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्या. इथं कोण येते अन् काय निघालं हे मी सांगत नसते. उद्या कोणी तुमच्या भाच्याचं विचारायला आलं तरी नाही सांगणार." या शेवटच्या वाक्यानं माणूस गप्प होते, अन् बरेचदा खुशही होते.

यातली खरी मेख मला उशिरा समजली. त्या पोरीला काहीच नव्हतं. माझ्या अगदी ओठावर आलं होतं, "नाही जी, काही नाही तिला, करा बिनधास्त." चांगलीच गोष्ट होती ना, सांगितली तर तिचंच भलं. पण आज चांगल्या पोरीसाठी "काही नाही" म्हटलं अन् उद्या एएस पोरीसाठी "मी सांगत नसते" म्हटलं, तर ते न सांगणंच सांगितल्यासारखं झालं. गावातली लोकं काय बुद्धू आहेत का, दोनदा विचारून समजून जातात. म्हणून ज्याला काहीच झालेलं नाही त्याच्यासाठीही तेच उत्तर, ज्याला झालं आहे त्याच्यासाठीही तेच, अन् जो कधी आपल्याकडे आलाच नाही त्याच्यासाठीही तेच. शब्दही तेच ठेवा, चेहराही. (अन् वाहक म्हणजे आजारी नाही, तो बाकीच्यांसारखाच जगते, हे मात्र ज्याला-त्याला सांगत जा, ते गुपित नाही.)

नवरा विचारते तेव्हा नवीन पोरींना वाटते, नवराच आहे, त्याला तं सांगावंच लागेल. नाही. अठरा वर्षांवरच्या बाईची गोष्ट तिची आहे. गर्भपातासाठीसुद्धा कायद्यानं तिचीच संमती लागते, नवऱ्याची सही लागत नाही. "भाऊ, डॉक्टर मॅडम तुम्हा दोघांना सोबत बसवून सांगतील" असं म्हणायचं अन् आत जाऊन आधी बाईला एकटीला विचारून घ्यायचं. एचआयव्हीचं तर २०१७ चा वेगळा कायदा आहे, पेशंटच्या संमतीशिवाय सांगता येत नाही, जोडीदाराला कधी अन् कसं सांगायचं तेही डॉक्टर नाहीतर समुपदेशकच ठरवतात. आपण त्यात पडायचं नाही, डोळ्यानंसुद्धा.

फवारणीचे दिवस, ऑगस्टपासून पुढं, वेगळे असतात. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर गेले, तेव्हापासून अशी केस आली की दारात गर्दी होते, त्यात कोणी मोबाइल घेऊन बातमी करणारा. सगळ्यांचा एकच प्रश्न, फवारताना चढलं की स्वतः घेतलं? या एका प्रश्नावर घरच्यांचं किती काही अडकलेलं असते ते आपल्याला माहीत आहे. डॉक्टर जे पाहतील ते लिहितील, पोलिसांना कळवतील. आपण "मला माहीत नाही, डॉक्टरांशी बोला" याच्यापुढं एक शब्द नाही. "बहुतेक" तर नाहीच नाही, बहुतेकचं उद्या पेपरात नक्की होते. अन् स्वतः घेतलेलं असलं तरी तो गुन्हेगार नाही, २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा असा माणूस मोठ्या ताणात होता असंच धरून चालते, अन् मानसिक आजाराचा उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय पत्रकारांना देता येत नाही.

पोलीस आले तर घाबरू नका, उद्धटही होऊ नका. "साहेब, लेखी पत्र द्या, डॉक्टर साहेब देतील" एवढंच. पत्र आलं की डॉक्टर कागद काढतील, दिलेल्याची पोच घ्यायची, आपल्याकडे झेरॉक्स ठेवायची. चहाच्या टपरीवर ओळखीच्या जमादारानं सहज विचारलं तर ते पत्र नसते. विम्याचा एजंट, कंपनीचा माणूस, औषध कंपनीचा एमआर (त्यांना कधी कधी कोणाला काय लिहून दिलं ते पाहायचं असते), सगळ्यांना एकच, पेशंटची लेखी संमती अन् डॉक्टर.

अन् एक उलटी चूकही पाहते मी. नवीन माणूस इतका सावध होते की पेशंटलाच त्याचे कागद देत नाही! अरे बावा, ते त्याचेच आहेत. त्यानं स्वतः, किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागितले तर ७२ तासांच्या आत द्यायचे असा नियम आहे. सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात नाहीतर नागपूरच्या मेडिकल कॉलेजला पाठवायचं असलं तर तेवढाही वेळ नसते, लगेच द्या.

पायरी ७: सांगावंच लागते ते

काही ठिकाणी गप्प बसणं हाच गुन्हा. टीबीचा पेशंट निघाला तर खासगी दवाखान्यालाही सरकारला कळवावं लागते, २०१२ पासून, निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद होते. अपघात, मारहाण, विषबाधा, जळालेलं, यात पोलिसांना कळवतात. अठरा वर्षांखालच्या लेकरावर लैंगिक अत्याचार झाला असं कळलं तर पॉक्सो म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली कळवणं बंधनकारक, घरच्यांनी हात जोडले तरी. कोर्टानं मागितलं तर द्यावं लागते. पण हे सगळं करणारे डॉक्टर, आपलं काम त्यांना सांगणं, अन् ज्याला सांगायचं त्यालाच तेवढंच सांगणं. निक्षयवर नोंद झाली म्हणजे सरपंचालाही सांगायला मोकळे झालो असं नाही. अत्याचाराच्या केसमध्ये पीडितेची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, गावाचं नावसुद्धा तोंडातून काढू नका.

आशाताईला, नर्सबाईला कामापुरतं सांगावं लागते, गोळ्या घेते का पाहायला. त्याही त्याच गावच्या असतात म्हणून पेशंटला आधी सांगून ठेवा की अमुक ताई घरी येईल, चालेल ना. एका बाईनं मला सांगितलं होतं, आशा माझी जाऊ आहे, तिला नको. मग शेजारच्या गावच्या आशाला सांगितलं.

पायरी ८: चूक झालीच तर

होईल. माझ्या दोन तर वर वाचल्याच. व्हॉट्सॅपवर चुकीचं गेलं तर लगेच सगळ्यांसाठी डिलीट करा, पण त्याच्या भरवशावर राहू नका, बघणाऱ्यानं बघितलेलं असते. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, दुसऱ्या दिवशी नाही. शिव्या खाव्या लागतील, खा. ज्याची माहिती गेली त्याला डॉक्टरांकडून कळलं पाहिजे, गावातून नाही, नाहीतर ते दुप्पट लागते. ज्याच्याकडे गेली त्याला स्पष्ट सांगा की पुढं पाठवू नका. मग एका वहीत लिहून ठेवा काय झालं, कसं झालं. आमच्या त्या वहीत बारा वर्षांत नऊ पानं भरली आहेत अन् त्यातली सहा मोबाइलची आहेत.

दवाखान्याच्या बाहेर

बाजाराच्या दिवशी, लग्नात, एसटीत पेशंट भेटतातच. नवीन पोरी आपुलकीनं विचारतात, "काकू, आता कसं आहे, गोळ्या संपल्या का?" काकूच्या बाजूला तिची विहीण उभी असते. आपण आधी दवाखान्याचं काढायचंच नाही, ती बोलली तर ऐकायचं, तेही हळू.

गेल्या बाजाराला वांगी घेत होती तर समोरून एक बाई आली, आदल्या आठवड्यात डॉक्टर मॅडमच्या खोलीत रडून गेलेली, सोबत सासू. तिनं मला पाहिलं अन् तिचा चेहराच उतरला. मी वांगीवाल्याला म्हटलं, "काय भाव लावला?" ती पुढं गेली. थोड्या अंतरावर जाऊन एकदा वळून पाहिलं तिनं, सासू मिरच्या निवडत होती.